खांद्यातला छर्रा

कुठे काय बोलावं याचा पोच आजींच्या नवऱ्याला उभ्या जन्मात आला नव्हता. तो पोच निदान हृदयाच्या एमआरआयच्या दारात तरी येईल ही आशा आजींनी केव्हाच सोडली होती. तपासणीवाल्या मुलीने साधं विचारलं होतं, अंगात कुठे धातू आहे का? पेसमेकर, पट्टी, खिळा, काही? नाही म्हणायचं आणि आत जायचं. पण नाही! कवळी काढून वाटीत ठेवलेली, अंगात पाठीमागून उघडा झगा, तरी म्हातारा छाती काढून म्हणाला, "आहे ना. खांद्यात छर्रा आहे. बंदुकीचा."

मग सगळी कथा झाली. गोदामावरची पहारेकऱ्याची नोकरी, अंधार, बंदूकवाला चोर आणि समोर एकटा म्हातारा. त्या कथेतला चोर दर वर्षी वीतभर वाढायचा. आज तर तो वाकून दारातून आत आला. आजींनी कोपराने ढोसलं, पण जोर लावून नाही. छर्रा त्यांचाही होताच म्हणा. शेजारणींना, विहिणीला, सगळ्यांना त्यांनीच तो ऐकवला होता. विहिणीची लेक, म्हणजे त्यांची सून, आत्ता बाजूलाच उभी होती.

तपासणीवाल्या मुलीने पेन खाली ठेवलं. आतलं लोहचुंबक कधीच बंद नसतं, अंगातलं लोखंड ते जागचं हलवू शकतं, म्हणाली. आज तपासणी नाही. पुढचा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही. आणि हृदयाचं चित्र बघितल्याशिवाय डॉक्टर औषध ठरवणार नव्हते. इकडे म्हातारा जिना चढताना आत्ताच मध्ये बसायला लागला होता.

लोहचुंबक ऐकलं आणि म्हाताऱ्याची छाती झग्यात परत गेली. छर्रा अगदी बारीक आहे, म्हणाला. मग म्हणाला, एव्हाना पडूनही गेला असेल. शेवटी भिंतीकडे बघत पुटपुटला की चोर नव्हताच. पहाऱ्यावर डुलकी लागली, बाकावरून पडलो, खाली खिळा होता.

सुनेने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आजींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण मुलगी काही ऐकेना. चुंबकाचं नाव काढलं की सगळ्यांचेच छर्रे विरघळतात, म्हणाली. तोंडी काही चालणार नाही, एक्स-रे काढा.

डॉक्टरांनी खांदा पडद्यावर वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. छर्रा नाही, खिळ्याचं टोकही नाही. जन्मल्या दिवसासारखा कोरा खांदा! आत जायला हरकत नाही, म्हणाले.

मुलीने आतलं दार उघडलं. म्हातारा दोन पावलं गेला आणि थांबला. मागे वळून बायकोकडे बघत राहिला, घाबरलेलं पोर बघतं तसा. आजी पुढे झाल्या. झग्याची सुटलेली नाडी त्यांनी आवळून बांधली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "खांद्यात तर काही निघालं नाही. आत हृदय तरी आहे का, ते बघू द्या त्यांना."