कटर मशीन आणि मेस्त्रींचा शब्द

शिवदास पांचाळांच्या कटर मशीनने ‘काही होत नाही’ हे वाक्य सोमवारपासून लेखी आदेशासारखं पाळायला सुरुवात केली.

वाक्य मेस्त्रींचं रोजचंच होतं. पात्यावरचं झाकण त्यांनी मशीन आणली त्याच दिवशी काढून खिळ्याला अडकवलं होतं. वायरला प्लग नव्हता. दोन उघडी टोकं सॉकेटात घालायची, वर काडेपेटीच्या दोन काड्या खोचायच्या, की झालं काम. गळ्यात टॉवेल, पायात स्लीपर आणि फळी दाबून धरायला स्वतःचाच पाय. बायको वत्सलाबाई चष्मा घेऊन मागे मागे फिरायच्या आणि मेस्त्री म्हणायचे, काही होत नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

सोमवारी त्यांनी तसंच म्हणून खटका दाबला, आणि काही झालं नाही.

वेळ मोठी अवघड होती. लेक प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, गुरुवारी नातीचं बारसं, आणि पाळणा मी माझ्या हातांनी करणार असं मेस्त्रींनी व्याह्यांना छातीठोकपणे सांगून टाकलेलं. सागवानी फळ्या अजून अखंड पडल्या होत्या. सोयऱ्यांसमोर नाक कापलं जाणार, याची त्यांना धास्ती पडली. बोटं कापली जातील, याची कधी पडली नव्हती.

रझाकभाई वायरमनला बोलावणं गेलं. काड्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला. टेस्टर लावला, करंट ठीक आहे म्हणाले, आणि मग कटरचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मशीनमध्ये बिघाड नाही, ती फक्त मेस्त्रींच्या शब्दाला जागतेय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रंधा मशीन आणि ड्रिल यांनीही त्याला दुजोरा दिला. मेस्त्री भडकले. पस्तीस वर्षं काम केलेल्या कारागिराला ही कालची मशीन शिकवणार का, असं त्यांनी चांगलं गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

कटर शांतपणे म्हणाली, “काही होत नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग लाकडालाही होणार नाही. लाकूड कुठलं आणि बोट कुठलं, ते मला कळत नाही. ते बघायचं काम तुमच्याकडे आहे.”

मंगळवारभर मेस्त्रींनी हातकरवत चालवली. संध्याकाळपर्यंत एक फळी कापून झाली आणि खांदा कामातून गेला. अडला हरी गाढवाचे पाय धरी; इथे तर नुसती मशीन होती.

बुधवारी सकाळी रझाकभाईंनी तीन पिनांचा प्लग बसवला, अर्थिंग तपासलं. झाकण पात्यावर चढलं, टॉवेल गळ्यातून उतरला, पायात बूट आले, फळी क्लॅम्पमध्ये आवळली गेली. मेस्त्रींनी चष्माही लावला. तरी कटर हलेना. आधीचं वाक्य रद्द करावं लागेल, म्हणाली. साक्षीदारांसमोर, म्हणजे वत्सलाबाई आणि रझाकभाईंसमोर, बोटागणिक.

उजव्या करंगळीपासून सुरुवात झाली. होऊ शकतं, मेस्त्री पुटपुटले. कटरने ऐकू येईल असं म्हणायला लावलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी म्हटलं. उजवा हात संपला. डावी करंगळी झाली, अनामिका झाली, मधलं बोट झालं. तर्जनीपाशी मेस्त्री थांबले. तिला वरचं पेरच नव्हतं. लहानपणी घराच्या मागच्या दारात चेमटली, असं त्यांनी वत्सलाबाईंना बघायला गेले तेव्हा सांगितलं होतं, आणि घरात आजवर तेच चालत आलं होतं.

रझाकभाई उगाच टेस्टर पुसू लागले.

“हिला झालंय,” मेस्त्री म्हणाले. “एकोणिसाव्या वर्षी. उस्तादांच्या कारखान्यात. तेव्हाही मी हेच म्हणालो होतो.”

वत्सलाबाईंनी त्या बोटाकडे बघितलं. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं.

“पोरांची बोटं सापडू नयेत म्हणून त्या दाराला चिंध्या बांधून दोन पोरं वाढवली मी,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षं दाराला शिव्या घातल्या.”

मेस्त्रींच्याने मान वर करवेना. अंगठा राहिलाय, अशी कटरने हळूच आठवण करून दिली. त्यांनी अंगठ्याचंही सांगून टाकलं, मग चष्मा काढून डोळे पुसले. ते चष्मा पुन्हा नीट चढवेपर्यंत कटर थांबली, आणि मग सुरू झाली.