परबांचं आजचं विशेषण

हेल्मेट, बूट, हार्नेस आणि एक इंग्रजी विशेषण, या चार गोष्टींशिवाय ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या साइटवर कोणी कामाला लागलेलं परबांना खपत नाही. परब आमचे सेफ्टी ऑफिसर, मूळचे कणकवलीचे. रोज सकाळी माणसं जमवून धोक्याच्या सूचना द्यायच्या, हे त्यांचं काम. त्या संपल्या की घसा खाकरून म्हणतात, "अब आज का विशेषण!"

मध्यंतरी 'लॅकडेझिकल' आला. "मतलब सुस्त, ढीला, बेमन. जैसे तुम्हारा हार्नेस बांधना!" पण शब्द वापरून झिजवल्याशिवाय परब सोडत नाहीत. मग मेसचा चहा लॅकडेझिकल, केबिनचा एसी लॅकडेझिकल, दुपारनंतर मीही. दोन दिवसांनी रामप्रवेश फिटर पोट धरून आला. "साब, कल से लॅकडेझिकल हुआ है, छुट्टी चाहिए." आम्ही हसून हसून लोळलो. परबांनी त्याला आधी दवाखान्यात पाठवलं आणि मग सगळा अर्थ पुन्हा समजावला.

मी त्यांच्याच केबिनमध्ये बसतो. एकदा वैतागून म्हटलं, "परब, पुरे ना हा शब्दांचा रतीब!"

ते ओशाळले. "अरे, इराचे शब्द आहेत ते."

इरा त्यांची एकुलती एक मुलगी. मस्कतच्या शाळेत वाढली, इंग्रजीत धावते, मराठीत अडखळते. फोनवर "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "हो." की संपलं. एकदा परबांनी सहज एका शब्दाचा अर्थ विचारला, तर पोरगी चांगली अर्धा तास बोलली. तेव्हापासून रोज ती शब्द देते आणि तो कुठे कुठे वापरला ते परब दुसऱ्या दिवशी सांगतात.

"शब्द असला की ती फोन ठेवत नाही रे," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. पुन्हा मी कधी टोकलं नाही.

यंदा इरा कॉलेजसाठी बेंगळुरूला गेली आणि शब्द यायचा थांबला. सकाळी माणसं वाट बघत उभी. "आज विशेषण नहीं है. यल्ला, काम पे चलो," परब म्हणाले. आठवडाभर हेच. त्यांना जेवण जाईना.

गुरुवारी मेसमध्ये जेवताना फोन वाजला. गोंगाटात ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, आज माझ्याकडे वर्ड नाहीये. तू दे. मराठी वर्ड. इथे सगळं नाइस आहे. फूड, रूममेट, सगळं. पण रूममध्ये आले की... आय डोन्ट नो... कसंतरी होतं. ह्याला काय म्हणतात?"

परबांचा भाताचा हात तसाच ताटावर राहिला. "करमत नाही म्हणतात, बाळा."

"ओके. बाबा, मला करमत नाही."

"मलापण," परब म्हणाले, आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावत बाहेर उन्हात गेले.