आठ बाइट्सची निरुपयोगी जागा

“जगात दोनच गोष्टी अचूक आहेत : सूर्य आणि मी. त्यातही सूर्याला ग्रहण लागतं,” असं माझे मेव्हणे प्रत्येक अशिलाला सांगतात. ते स्वतःला यंत्रगुन्ह्यांचे महान्वेषक म्हणवतात. या पदवीला कोणत्याही विद्यापीठाने हरकत घेतलेली नाही, कारण कोणत्याही विद्यापीठाला ती ठाऊक नाही. मी त्यांचा सहायक. ग्रंथवाचनाचा आणि उपजीविकेचा काडीमात्र संबंध नसतो, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

प्रकरण असं होतं. असेंब्ली नावाच्या, थेट यंत्राशी बोलणाऱ्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम एका कंपनीच्या साहेबांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मजेत चाले; ग्राहकाच्या वेगळ्या सिस्टिमवर मात्र पहिला आकडा छापतानाच कोसळे. तो लिहिणाऱ्या बाईंना साहेबांनी सकाळीच भर कचेरीत घातपाती ठरवलं होतं. पुरावा मिळताच त्यांची नोकरी जाणार होती, आणि तो मिळवायला आम्हाला बोलावलं होतं. निकाल आधी, तपास नंतर, ही व्यवस्था मेव्हण्यांना फार मानवते.

“जावईबापू, मरतेसमयी प्रोग्रॅमजवळ कोण होतं?”

“छपाईचं फंक्शन.”

“तोच खुनी!”

“ते सिस्टिमबरोबर येतं, दादा. रोज हजारो प्रोग्रॅम त्यातून सुखरूप बाहेर पडतात.”

“म्हणजे सराईत आहे!”

मग त्यांनी कचेरीत मांडलेल्या दोन्ही सिस्टिमच्या यंत्रांना कान लावला. एकाचा पंखा जास्त घुमत होता. ती अपराधी मनाची धडधड ठरली. शेवटी तिसरा सिद्धांत अवतरला. “दोन सिस्टिमी म्हणजे दोन जावा. एकीच्या हातचं दुसरीला पचत नाही.”

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. अज्ञानाला अज्ञान भेटलं की त्याला विचारविनिमय म्हणतात.

“बाईंना विचारू या का?” मी म्हणालो.

“आरोपीला? ती खोटंच बोलणार!”

एवढ्यात बाई स्वतःच उठून संगणकाच्या पडद्यापाशी आल्या. त्यांनी क्षणभर पाहिलं. “माझ्या दोन ओळी कुठे गेल्या?”

“मी काढल्या,” साहेब अभिमानाने म्हणाले. “एक स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या चळतीवर, आठ बाइट्स जागा घेत होती, दुसरी शेवटी ती परत देत होती. मध्ये तिथे कोणी काही ठेवतही नव्हतं. साफसफाई केली.”

“ती जागा रिकामीच हवी. फंक्शन बोलावताना स्टॅकचा पत्ता सोळाच्या पटीत लागतो. आपल्याला बोलावणाराच परतीचा पत्ता ठेवून आठ बाइट्स खातो, म्हणून आणखी आठ सोडून पट जुळवायचा.”

“पण माझ्याकडे चालतं की!”

“नियम दोन्हीकडे तोच आहे. तुमच्याकडे छपाईवाला तो तपासत नाही. ग्राहकाकडचा एकदम सोळा बाइट्स उचलतो. पत्ता चुकला की जागीच मरतो.”

ओळी परत घातल्या. ग्राहकाच्या सिस्टिमवर आकडे निमूट छापले गेले.

“असो,” साहेब म्हणाले, “किरकोळ तांत्रिक अडचण होती.”

सकाळचा घातपात कर्ता बदलताच किरकोळ झाला होता. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“सकाळी उभं राहून बोललात, साहेब. आताही उभे राहा. आवाजही तेवढाच असू द्या.”

कचेरीतली कळफलकांवरची बोटं थांबली. साहेब उठले. “चूक... माझी होती.”

“मागे ऐकू आलं नाही,” कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

“चूक माझी होती!”

टाळ्या पडल्या. बाई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मेव्हण्यांनी कोटाचं बटण लावलं आणि चारही दिशांना वाकून नमस्कार केला.