निळ्या झेंडीखालची चितळं

एका जंगलात एक गवा राज्य करत होता. सिंह कुठे गेला म्हणून विचारू नका. सगळ्याच जंगलांना सिंह परवडत नाही. गवा अंगाने दांडगा होता, स्वभावाने शांत होता आणि त्याच्या वाटेला कोणी जात नव्हतं. राज्य करायला एवढं पुरतं.

त्या जंगलातून एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या दोन्ही काठांना कोवळं गवत होतं आणि गवतात चितळं चरायची. काठावरच्या उंच ऐनाच्या झाडावर एक म्हातारा वानर बसायचा. सगळे त्याला वानरकाका म्हणायचे. त्याचं काम एकच. बिबट्या दिसला की ओरडायचं.

"खॉक! खॉक!"

मुलांनो, हा आवाज तुम्ही ऐकला नसेल. फार वाईट आवाज आहे. ठसका लागलेला माणूस भांडायला उठल्यासारखा. तो कानावर पडला की चितळं तोंडातला घास टाकून पळायची. मग बिबट्या उपाशी परत जायचा आणि चितळं पुन्हा येऊन चरायची. अकरा वर्षं असंच चाललं होतं. या अकरा वर्षांत वानरकाकांना कोणी शाबासकी दिली नाही. घास पडतो म्हणून कुरकुर मात्र रोज असायची, आणि ती थेट राजाच्या कानावर जायची.

"महाराज, या कुरकुरीवर उपाय आहे," एक दिवस दरबारातलं साळिंदर म्हणालं.

हे साळिंदर शिकलेलं होतं. म्हणजे काय, की डोंगरापलीकडच्या शहरात मोबाइलची अ‍ॅप बनवणारी एक कचेरी होती, आणि तिच्या कॅन्टीनच्या खिडकीखाली त्याचं बीळ होतं. दोन वर्षं त्याने तिथे कांद्याची सालं खाल्ली आणि वरचं बोलणं ऐकलं. तुमच्या आईच्या फोनमधलं बटण एके दिवशी उजवीकडून डावीकडे जातं आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये मात्र जागच्या जागी राहतं, ते का, हे त्याला ठाऊक होतं.

"नवी गोष्ट एकदम सगळ्यांना द्यायची नाही, महाराज," साळिंदर म्हणालं. "निम्म्यांना द्यायची, निम्म्यांना नाही. जिथे द्यायची तिथे झेंडी लावायची. मग कुठे कोण किती खूश आहे ते रोज पानावर टिपायचं. जी बाजू जिंकेल तिची गोष्ट सगळ्यांना."

"आणि नवी गोष्ट अंगाशी आली तर?" गव्याने विचारलं.

"तर झेंडी उतरवायची! एका क्षणात सगळं पहिल्यासारखं. हीच तर गंमत आहे."

साळिंदर खोटं बोलत नव्हतं बरं का. पद्धत चांगलीच आहे. मी स्वतः तसल्या एका कचेरीत अठरा वर्षं काढली आहेत. वेळेवर झेंडी उतरवल्यामुळे मोठमोठी संकटं टळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण खिडकीखाली बसून शिकण्यात एक अडचण असते. जेवढं खिडकीतून खाली पडतं तेवढंच पदरात येतं.

गव्याला कल्पना पसंत पडली. वानरकाकांच्या ओरडण्याऐवजी नवी हाक तयार करायची ठरली. हाक द्यायला मैना नेमली, कारण तिचा गळा गोड. हाकेचे शब्द ठरवायला पाच जणांची समिती बसली. त्यात एकही चितळ नव्हतं. चितळांना तेव्हा चरायचं होतं, म्हणून त्यांना कशाला त्रास द्या, असा सुज्ञ विचार झाला.

आठ दिवसांनी मैनेने दरबारात नवी हाक म्हणून दाखवली.

"नमस्कार. आपली सुरक्षितता हाच आमचा ध्यास. आपल्या परिसरात एका मांसाहारी पाहुण्यांचं आगमन होण्याची शक्यता आहे. कृपया तोंडातला घास संपवून सावकाश उजवीकडे सरकावं. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. धन्यवाद."

गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बिबट्या हा शब्द मुद्दाम टाळला आहे," साळिंदर म्हणालं. "तो ऐकला की चितळं घाबरतात."

सहलीला आलेल्या कुणीतरी टाकलेली एक निळी पिशवी सापडली. ती फाडून झेंडी केली आणि ओढ्याच्या पूर्वेकडच्या झाडावर बांधली. त्या बाजूला मैनेची नवी हाक. पश्चिमेला झेंडी नाही, तिथे वानरकाकांची जुनीच हाक. कोणतं चितळ कुठल्या बाजूला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. प्रयोग पंधरा दिवसांचा. तोवर कोणी ओढा ओलांडायचा नाही. आणि वानरकाकांना सक्त ताकीद मिळाली, की पूर्वेकडे काहीही दिसलं तरी तोंड उघडायचं नाही.

"का बरं?" वानरकाकांनी विचारलं.

"प्रयोग बाटेल. कुठल्या हाकेने काय झालं ते कळणार नाही," साळिंदर म्हणालं. "तोंड उघडलंत तर ऐनाचं झाड सोडावं लागेल."

त्या कळपात कवडी नावाची एक आई होती. तिला बारा दिवसांपूर्वीच पिल्लू झालं होतं. नाकावर काळा ठिपका होता म्हणून त्या पोरीचं नाव ठेवलं तीट. तीट चार पावलं धावायची आणि पाचव्याला आपल्याच पायात पाय अडकून पडायची. कवडीची चिठ्ठी निघाली पूर्वेची.

कवडी लगोलग साळिंदराकडे गेली. "साहेब, माझी पोर अजून धड पळत नाही. आम्हाला पलीकडे जाऊ द्या."

"बाई, हळू पळणाऱ्या लेकरांच्या आया दोन्हीकडे सारख्याच हव्यात. तुम्ही गेलात तर तुलना चुकेल."

"पण मला ती नवी हाक नकोय हो."

"ती तुम्हाला नको आहे की हवी आहे, हे तुम्ही आज कसं सांगाल? ते पंधराव्या दिवशी आम्ही सांगू."

तिसऱ्या दिवशी पूर्वेला बिबट्या आला. मैनेने गोड आवाजात सुरुवात केली. ती 'ध्यास'पर्यंत पोचली तेव्हा बिबट्या एका म्हाताऱ्या, थोराड चितळाच्या मानेपर्यंत पोचला होता. बाकीची चितळं चरत राहिली. घाबरण्यासारखं कुणी काही बोललंच नव्हतं.

साळिंदराने आपलाच एक काटा उपटला आणि पळसाच्या पानावर टिपून घेतलं. पूर्व, निळी झेंडी. हाक सुरू झाल्यावर दर चितळामागे घास एकवीस. पश्चिमेचंही पान भरलं. तिथे आदल्या दिवशी वानरकाका ओरडले होते. घास शून्य, कारण सगळी पळाली होती.

"आणि तो जो गेला, त्याचं कुठे लिहिलंय?" मैनेने हळूच विचारलं. ती वाईट नव्हती, बिचारीला काम मिळालं होतं एवढंच.

"त्याची नोंद अपुरी राहिली. अपुऱ्या नोंदी धरत नाहीत," साळिंदर म्हणालं.

सहाव्या दिवशी आणखी एक चितळ गेलं. तेव्हा कवडी तीटला गवतात लपवून थेट राजापुढे उभी राहिली.

"महाराज, झेंडी उतरवा. क्षणात उतरते असं साहेब म्हणाले होते ना."

गव्याने साळिंदराकडे पाहिलं.

"उतरते ना क्षणात," साळिंदर म्हणालं. "उतरवायचं ठरायला वेळ लागतो. झेंडी उतरवायची तर निकाल हवा. निकाल लागायला पंधरा दिवस हवेत. आणि पंधरा दिवस मोजायचे तर झेंडी वर हवी."

"दोघं मेले, साहेब!"

"तक्रार कुणाची आहे?"

"माझी."

"तुम्हाला बिबट्याने खाल्लं का?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या बाबतीत नवी हाक यशस्वी ठरली. ज्यांना खाल्लं त्यांनी यावं, तक्रार मांडावी. आम्ही जरूर ऐकून घेऊ. अजून तरी त्यांच्यापैकी कोणी आलेलं नाही."

गव्याला हे अगदी पटलं. त्याने सुस्कारा सोडला आणि रवंथ सुरू केला.

मुलांनो, इथे मला राग येतो. गव्याचा येतो, साळिंदराचा तर येतोच, पण कवडीच्या कळपाचाही येतो. ती दरबारातून परत आली तेव्हा बाकीची चितळं म्हणाली, "कशाला नसती उठाठेव करतेस? घास पुरा होतोय ना?" दोन जण जाऊनही असं म्हणाली. आपण पानावर नोंदायला उरलो, एवढ्यानेच त्यांना आपली बाजू जिंकतेय असं वाटायला लागलं होतं.

कवडी ओढ्याच्या काठाशी गेली. समोर ऐनावर वानरकाका बसले होते.

"काका, तिथून आमच्याकडचं दिसतं का हो?"

"सगळं दिसतं पोरी."

"त्या दोघांच्या वेळीही दिसलं होतं?"

वानरकाका एक फांदी खाली उतरले. मग म्हणाले, "दोन्ही वेळा दिसलं. दोन्ही वेळा मी फांदी दातांत धरून बसलो. या वयात झाड सुटलं तर कुठे जाऊ गं मी?"

कवडीने तीटला पुढे केलं. तीटने वर पाहिलं, तोल गेला, आणि ती काठावरच्या चिखलात फतकल मारून बसली. वानरकाकांनी तोंड फिरवलं.

नवव्या दिवशी सकाळी पूर्वेचं गवत हललं. वारा नव्हता. मैनेने पाहिलं आणि नेमून दिल्याप्रमाणे सुरुवात केली.

"नमस्कार. आपली सुरक्षितता..."

बिबट्या तीटपासून दोन उड्यांवर होता. कवडीची पाठ होती तिकडे.

"खॉक! खॉक! खॉक! अगं कवडे, पळ! पोरीला घे आणि पळ!"

अकरा वर्षांत वानरकाका इतके ओरडले नव्हते. ऐनाचं झाड हाललं. चितळं उधळली. तीट चार पावलं धावली, पाचव्याला पडली, आईच्या ढुशीने उठली आणि पुन्हा धावली. बिबट्याच्या पंजात गवताच्या काड्या तेवढ्या आल्या. मोकळ्या माळावर एकट्या मैनेचा आवाज येत राहिला, "...आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. धन्यवाद."

एकूण एक चितळ वाचलं. तीटसुद्धा.

दुपारी दरबार भरला. साळिंदराचे सगळे काटे उभे होते.

"मी ओरडलो," वानरकाका म्हणाले. "उद्या दिसला तर उद्याही ओरडेन. माझ्याच्याने आता गप्प बसवणार नाही."

शिक्षा ठरलेलीच होती. ऐनाचं झाड त्याच दिवशी सुटलं; प्रयोग संपेपर्यंत पश्चिमेची हाक जमिनीवरून द्यायची आणि मग चालू लागायचं, असा हुकूम झाला. प्रश्न उरला त्या दिवशीच्या नोंदीचा. ती रद्द केली तर प्रयोग पुन्हा पहिल्या दिवसापासून करावा लागणार होता. आणि सोळाव्या दिवशीच्या समारंभाला तर शेजारच्या जंगलाच्या राजाला आमंत्रण गेलं होतं.

साळिंदराने थोडा विचार केला. "महाराज, भावना बाजूला ठेवून पान भरायचं असं आपण ठरवलं आहे. मला एवढंच सांगा, आज पूर्वेला झेंडी कुठली होती?"

"निळी," गवा म्हणाला.

"आणि वाचली किती?"

"सगळी."

"म्हणजे निळ्या झेंडीखाली सगळी वाचली."

"आम्हाला काकांनी वाचवलं!" कवडी ओरडली. "सगळ्यांनी ऐकलंय! विचारा ना कुणालाही!"

"बाई, वानराच्या ओरडण्यासाठी पानावर रकानाच नाही," साळिंदर म्हणालं, आणि त्याने नोंद करून टाकली.

पंधराव्या दिवशी निकाल लागला. नवी हाक सर्व बाबतींत जिंकली होती. घास जास्त, धावपळ कमी, तक्रार करणारी आई एकच. शिवाय नवव्या दिवशी तर शंभर टक्के यश. हे ऐकून दोन्ही काठांवरच्या चितळांनी खुरं आपटून आनंद व्यक्त केला.

कवडी थांबली नाही. त्याच दुपारी तीटला घेऊन ती वानरकाकांच्या मागे चालू लागली. ते निघाले होते वरच्या खडकाळ टेकडीकडे. तिथे गवत खरखरीत, पाणी लांब, आणि बसायला एक वाळकं खैराचं झाड. वाटेत वानरकाका म्हणाले, "पोरी, माझ्यामागे कशाला येतेस? इथे तुझं पोट भरायचं नाही."

"नाही भरलं तर नाही भरलं काका," कवडी म्हणाली. "पोर तर मोठी होईल."

सोळाव्या दिवशी पश्चिमेलाही निळी झेंडी चढली. शेजारचा राजा आला होता. मैनेने हाक दिली. दोन्ही काठांवरची सगळी चितळं शांतपणे चरत राहिली. इतकी शिस्त त्या पाहुण्या राजाने जन्मात पाहिली नव्हती. पुढचे दोन महिने तो निरोपावर निरोप धाडत राहिला, आणि शेवटी साळिंदराला मानाने आपल्या जंगलात घेऊन गेला.

त्याच आठवड्यात बिबट्याही त्यांच्या मागोमाग गेला. या जंगलात आता त्याचं पोट भरेल असं काही उरलं नव्हतं.

तात्पर्य: प्रयोग बेधडक करावेत; फसलेल्या प्रयोगाबद्दल आजवर एकाही मेलेल्याने तक्रार केलेली नाही. आणि आयत्या वेळी ओरडून कोणी तो यशस्वी करून दिलाच, तर त्याला त्याच दिवशी झाडावरून उतरवावं, म्हणजे यश कुणाचं यावर पुढे वाद होत नाहीत.