घोळीवरल्या चांदव्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी माथा ठेवून, घडले तितुकेच सांगावे, पदरचे घालू नये, ऐसा नेम धरून लिहिले जाते. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, निज श्रावणमास. ते समयी एक राज्य होते, आणि तेथे वडिलांपासून आज्ञा ऐसी की, छोटा चांदवा नामे दुर्मीळ फुलपाखरू नांदते ते रान कोणी मोडू नये, आणि नांदते याचा पुरावा छबीनेच द्यावा. डोळ्यांनी पाहिले म्हटलिया दरबार ऐकत नसे. आणि चांदव्याची मादी मोठी मायावी. बिबळ्या कडवा म्हणोन दुसरे फुलपाखरू आहे, रुईवर वाढते, अंगी विष, म्हणोन पक्षी त्यास टोचीत नाहीत. तर या मादीने त्याचाच नारिंगी वेष घेतला. खूण इतकीच की, मागल्या पंखावर कडव्यास मधोमध तीन-चार काळे ठिपके, आणि हिला कडेस एकच.

तो पागेचे सरदार बजाबा यांनी घोडदौडीस गावाबाहेरील माळ मागितला. माळावर सटवाईचे ठाणे, आणि दरबारच्या छबीपारखी सगुणाबाई तेथे नित्य दिवा लावीत, त्यावाचून मुखी पाणी घेत नसत. माळ मोडला की ठाणे उठले आणि नेम बुडाला. बाईंनी चांदव्याची मादी तेथे पाहिली होती, परंतु छबी नव्हती. मग छबीकार यादोपंत यांस कॅमेरा देऊन धाडिले, आणि पंतांनी छबी आणिली, आणि तीत ठिपका एकच. महाराज संतोषून बोलिले, "बाई, तुम्ही रुकार द्या, की माळ राहिला."

बाई छबी निरखू लागल्या, तो पंखाच्या शिरा मधोमध तुटलेल्या, आणि तेथील रंग सारवल्यासारखा सपाट. पंतांस बाजूस नेऊन पुसिले, "येथे काही होते का हो?"

"होते ना! काळी घाण बसली होती, तीन ठिकाणी. काढून टाकली," पंत हौसेने बोलिले. त्यांच्या कारखान्याची चालच ऐसी. सरदारांच्या छबीवरील मस आणि व्रण पुसता पुसता हात बसला होता. "बजाबांच्या नाकावरचा मस छबीत कधी दिसला का तुम्हांस?"

उगी राहावे तर माळ राहतो, ठाणे राहते. आणि मग त्याच तोंडाने उद्या देवीचे नाव कैसे घ्यावे? पदर सावरून पुढे जाहल्या. "महाराज, हा कडवा आहे. ठिपके पुसले गेले."

"वा बाई! आपला माळ आपल्याच हाते आमच्या घोड्यांस वाढलात!" बजाबा हसले. "उद्याच नांगर धरतो."

"उद्या नागपंचमी, सरदार. भुईस लोखंड लावीत नाहीत."

बजाबांनी कानाची पाळी धरली. "बरे, परवा."

मग पंचमीस बाई दिवा लावून, उपाशीच, कॅमेरा घेऊन ठाण्यापाशी घोळीच्या भाजीत बसल्या. उन्हे कलती जाहली, आणि एक नारिंगी फुलपाखरू खाली आले, घोळीच्या पानावर टेकले, आणि पोट वाकवून अंडे घालू लागले. कडवा रुईच्या कुळावाचून अंडे घालीत नाही, घोळीवर घालते ती चांदव्याचीच मादी. बाईंनी घाईने कळ दाबली, आणि छबी हलली.

दुसरे दिवशी बजाबा दरबारात बोलिले, "हे तर गेरूचे बोट ओढलेले! ठिपका कोठे?"

"दिसत नाही, सरदार. पानही नीट दिसत नाही. पण ते घोळीचे होते, आणि अंडे घातलेले मी पाहिले."

दरबार महाराजांकडे पाहू लागला. महाराजांनी छबी बाजूस ठेविली, आणि बोलिले, "परवा ह्याच बाई उग्या राहत्या, तर माळ त्यांचाच होता. आज त्यांचे डोळे आम्हांस चालतील."

मग जेथे बाईंनी पाहिले, तो घोळीकडील अर्धा माळ ठाण्यासुद्धा राखला, उघडा अर्धा पागेस दिला, आणि छबीवरचे काही पुसू नये ऐसा कारखान्यास हुकूम जाहला. तेव्हापासून बजाबा छबीस बसताना तोंड वळवून बसू लागले.

तात्पर्य इतुकेच की, माळ अर्धा राहिला, नेम पुरा राहिला. घोडी दौडतात, धूळ उडते, दिव्यावर बसते. बाई ती पदराने पुसतात, आणि वात लावतात.