कपाएवढं शहर

जिल्ह्याची परिचय-पुस्तिका छापायला जायची होती आणि कंपास सापडत नव्हता, म्हणून कारकुनानं नकाशावर चहाचा कप उपडा ठेवून शहर आखलं. जिल्हाच तसा बांगडीसारखा, सभोवार गावं आणि मधे शहर. आणि ते शहर जिल्ह्यात धरायचं नाही. कप शहरापेक्षा केसभर मोठा निघाला. कारकुनाच्या बहिणीचं गाव अलगद त्या पोकळीत गेलं.

नकाशा साऱ्या खात्यांत पोचला, आणि दर मंगळवारी गावात येणाऱ्या नर्सबाई यायच्या थांबल्या. बहिणीला आठवा महिना. तिनं फोन केला.

"दादा, आमचं गाव कुठं गेलं रे?"

"जाईल कुठं? छपाईची चूक आहे."

"मग सुधार की. पोटातलं तुझ्या दुसऱ्या आवृत्तीसाठी थांबायचं नाही."

तो शहराच्या कचेरीत गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, भोक तुमच्या नकाशाला पडलंय, गाव आमच्या गळ्यात कशाला? आपल्या साहेबांना त्यानं कप वगळून सगळं सांगितलं. साहेबांनी गावाचा अर्ज मागितला. अर्ज आला तसा परत गेला. जिल्ह्याबाहेरचे अर्ज इथं घेत नाहीत. कपाची गोष्ट रोज त्याच्या ओठांशी यायची आणि नोकरीच्या भीतीनं आवंढ्याबरोबर खाली जायची.

कळा सुरू झाल्या तेव्हा नर्सबाई कुणाला न विचारता चिखल तुडवत गेल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. चौथ्या दिवशी बाईंना नोटीस निघाली: परवानगीविना जिल्हा का सोडला?

उत्तर आलं. साहेबांनी ते कारकुनाकडूनच वाचून घेतलं.

"बाई कण्हत होती जिल्ह्याबाहेर, पण ऐकू आलं जिल्ह्यात. म्हणून गेले. आपलं कार्यालयही शहरात, म्हणजे जिल्ह्याबाहेरच आहे. आपण रोज कुणाच्या परवानगीनं जाता?"

खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या फायलींत तोंडं घातली. साहेबांनी नकाशाचं पान मिटलं.

"पुस्तिका छापून झालीय," ते म्हणाले. "त्यापेक्षा बाईंची बदली सोपी."

बदलीचा आदेश कारकुनानं लिहिला. शाई वाळते न वाळते तोच बहिणीचा फोन आला.

"दादा, पोरीला नर्सबाईंचंच नाव ठेवलंय. त्यांना सांगशील ना?"

"सांगतो," तो म्हणाला, आणि आदेशात ते नाव नीट लिहिलंय ना, हे त्यानं पुन्हा एकदा पाहून घेतलं.