पुडीतलं नख

"मास्तर, रिपोर्ट आणल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही!"

पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापक मॅडमनी पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाच्या अंगठ्याच्या पिवळ्या नखाकडे बोट दाखवून सुनावलं. मॅडम म्हणजे मास्तरांची सख्खी बायको. घरी 'अहो', तलावावर 'मास्तर'. नखांच्या बुरशीचा नियमही तिनंच लिहून भिंतीवर लावला होता. रविवारी मुलींची स्पर्धा होती. मास्तर पाण्यात नसले तर अर्ध्या मुली भिऊन काठावरूनच घरी जातील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मास्तर डॉक्टरांकडे गेले. पण जाण्याआधी लाजेखातर नख पार मुळापर्यंत कापून गेले.

"अहो, पुरावाच कापून आलात!" डॉक्टर म्हणाले. "नुसतं बघून बुरशी कळत नाही. मार लागूनही नख असंच पिवळं होतं. तुकडा औषधात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आता नखाखालचा भुगा खरवडतो, बसा."

हे म्हणत त्यांनी बारीक पातं उचललं. दहा मीटरवरून पाण्यात सूर मारणाऱ्या मास्तरांना दरदरून घाम फुटला.

"नको, नको! नख वाढलं की घरूनच आणतो."

डॉक्टरांनी कागदाची पुडी हातात दिली. पण नखाला कुठं रविवारची घाई! बुधवार उजाडला तरी ते तसूभर सरकलं नाही. मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

दर बुधवारी बायको दार लावून पायाची नखं कापायची आणि कागदात गुंडाळून टाकायची. एवढी टापटिपीची बाई, बारा महिने लाल रंगवलेली नखं! यापेक्षा निरोगी नख जगात कुठं मिळणार? मास्तरांनी कचऱ्याच्या डब्यातून तुकडा काढला, कडेचा लाल रंग ब्लेडनं खरवडला आणि पुडी पोचवली.

शुक्रवारी मॅडमनी ऑफिसात रिपोर्ट उघडला. "बुरशी आढळली," त्यांनी वाचलं. "संपलं, मास्तर. रविवारी दुसरा माणूस बघते."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. बोलावं तर पंचाईत, न बोलावं तर मुली गेल्या.

"ते नख माझं नाही," ते कसेबसे म्हणाले.

"मग कोणाचं?"

"तुझं. बुधवारचं."

मॅडमनी बूट घातलेले पाय हळूच खुर्चीखाली ओढले.

"दार लावा," ती म्हणाली. मग अगदी घरच्या आवाजात, "अहो, सहा महिने झाले. नियम मीच लिहिलेला, सांगू कोणाला? म्हणून रंग लावत होते."

मास्तरांना रागही आला आणि गलबलूनही आलं. "वेडी आहेस का? चल, दोघंही जाऊ."

शनिवारी तिनं मास्तरांचा हात घट्ट धरला आणि डॉक्टरांनी भुगा खरवडला. दुखलं म्हणावं तर मुंगी चावल्याइतकंही नाही. तासाभरात निकाल आला: बुरशी नाही. तलावाच्या पायरीला आपटलेलं नख, बस्स.

रविवारी मास्तर पाण्यात उतरले आणि मुलींनी धडाधड उड्या मारल्या. बायको मात्र लांब, मागच्या बाकावर बूटमोजे घालून बसली होती.

"मॅडम, पुढं या की!" मास्तर पाण्यातून ओरडले.

"नियम वाचा!" मॅडम तिथूनच खेकसल्या.